ट्रॅक्टरवरील जादा दिवे व चावीच्या ताब्यांतील रिले

ट्रॅक्टर विकत घेतांना त्यावर जे दिवे येतात ते रस्त्यापुरते असतात. शेतांतील रात्रीच्या कामास ते पुरत नाहींत, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. पंपाची वीज रात्रीं आली म्हणजे पाणी रात्रीं द्यावें लागतें, आणि पावसानें उघडीप दिलेल्या दोन दिवसांत पेरणी उरकावयाची तर दिवस मावळल्यावरहि पेरणीयंत्र चालवावें लागतें. म्हणून जो तो मागें दोन, पुढें दोन असे जादा दिवे बसवून घेतो. मग कोणी पंखा लावतो, कोणी मोबाइल चार्ज करण्याची सोय करून घेतो, तरुण मंडळी गाण्याचें यंत्र बसवितात. या सर्वांस लागणारी वीज कोठून व कशी घ्यावी, याचा विचार मात्र बहुधा दिवे बसविणाऱ्या पोऱ्यावर सोंपविला जातो. तो मालकानें स्वतः करणें किती अगत्याचें आहे हें मला तीन वर्षांपूर्वीं जें शिकावयास मिळालें, तें प्रथम सांगतों.

कार्तिक महिन्यांत गव्हाची पेरणी चालली होती. मागील दोन दिवे, शंभर शंभर वॅटांचे, मीं नुकतेच बसवून घेतले होते. बसविणाऱ्यानें डॅशबोर्डमागें हात घालून चावीच्या स्विचच्या एका टोंकास बारीक तार पिळली, वर चिकटपट्टी गुंडाळली, आणि दिवे लागले. फ्यूज घालूं का, असें त्यानें विचारलें होतें. मींच नको म्हटलें. महसूल खात्यांत तीस वर्षें पैपैचा हिशेब ठेवल्याची ती खोड. दोन रात्री ठीक गेल्या. तिसऱ्या रात्रीं दहाच्या सुमारास रबर जळल्याचा वास आला, डॅशबोर्डच्या फटींतून धूर निघूं लागला, आणि पुढचे-मागचे सर्व दिवे एकदम गेले. चावी बंद केली तरी धूर थांबेना. कारण नव्या तारेच्या उष्णतेनें शेजारच्या मूळ तारेचें आवरणहि वितळून ती पत्र्यास टेकली होती, आणि बॅटरीकडून स्विचपर्यंत येणाऱ्या त्या तारेवर चावीची सत्ता चालत नसते. बॅटरीचें टोंक सोडविण्यास पाना हवा; तो पेटींत नव्हता, सकाळीं पेरणीयंत्राचा फण आवळतांना बांधावर राहिला होता. माझा पुतण्या तो अंधारांत शोधून आणीपर्यंत मी माती टाकीत होतों. बारा पावलांवर शेजाऱ्याच्या, मळणी व्हावयाच्या सोयाबीनची गंजी होती. पाना सांपडला, टोंक निघालें, गंजी वांचली. पुतण्याच्या तळहातावरील डाग अद्याप गेलेला नाहीं. तारांचा सबंध जुडगा बदलावा लागला व पेरणी नऊ दिवस मागें पडली.

आतां चूक कोठें झाली तें पाहूं. दिव्यावर वॅटांचा आंकडा लिहिलेला असतो. वॅटांस व्होल्टांनीं भागिलें म्हणजे किती अँपिअर प्रवाह लागेल तें निघतें. बॅटरी १२ व्होल्टांची. दोनशें वॅटांस १२ नीं भागिलें तर १६.७ अँपिअर. चावीच्या स्विचमधील पितळी पत्र्या असला सततचा भार वाहण्यासाठीं केलेल्या नसतात. दर्शक दिवे आणि सेल्फला हुकूम देणारी लहान तार एवढ्यासाठींच बहुधा त्यांची योजना असते. त्यांच्यामधून सोळा-सतरा अँपिअर सतत नेले तर पत्र्या तापतात, काळवंडतात. काळवंडल्या म्हणजे त्यांचा विरोध वाढतो, आणि विरोध वाढला म्हणजे त्या अधिकच तापतात. पिळून चिकटपट्टी लावलेल्या जोडाचेंहि तेंच होतें.

तारेच्या जाडीचाहि हिशेब करूनच पाहावा. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा विरोध दर मीटरास सुमारें ०.०१७५ ओहम असतो. बॅटरीपासून मागील दिव्यांपर्यंत तार पांच मीटर व परतीची पांच, मिळून दहा मीटर धरली तर विरोध ०.१७५ ओहम झाला. पंचावन्न वॅटांचे चार दिवे, म्हणजे २२० वॅट, म्हणजे १८.३ अँपिअर या एकाच तारेनें नेले तर ३.२ व्होल्ट वाटेंतच खर्च होतात. बारांतून तीन गेले. दिवा तांबूस जळतो आणि त्याचा उजेड निम्म्याच्याहि खालीं उतरतो. शिवाय ३.२ गुणिले १८.३ म्हणजे सुमारें ५८ वॅट उष्णता तारेंत निर्माण होते, म्हणजे एक सबंध दिवा आपण डॅशबोर्डमागें जुडग्यांत गुंडाळून पेटवून ठेवल्यासारखें झालें. तीच तार चार चौरस मिलिमीटरची घेतली तर नुकसान ०.८ व्होल्टांवर येतें. पण जाड तार घेऊन ती स्विचलाच जोडली तर स्विच जळावयाचा तो जळेलच. येथें रिलेची गरज उत्पन्न होते.

रिले म्हणजे काय, हें आपल्या पाटाच्या उदाहरणानें चांगलें समजतें. पाटाचें पाणी बैलाला ओढून नेईल इतक्या जोराचें असो, दारें धरणारा मुलगा तें स्वतःच्या अंगावरून नेत नाहीं. तो फावड्यानें दार मोडतो, पाणी आपल्या वाटेनें जातें. माझ्या जुन्या कचेरीचें उदाहरण घ्यावयाचें तर साहेबांच्या सहीची चिठ्ठी कोषागारांत जाते, पैसे मात्र कोषागारांतूनच निघतात. ते साहेबांच्या टेबलावरून फिरत नाहींत. रिलेंत बारीक तांब्याच्या तारेचे पुष्कळ वेढे दिलेलें एक रीळ असतें, मध्यें मऊ लोखंडाचा गाभा असतो. रिळांतून थोडा प्रवाह गेला कीं गाभा लोहचुंबक बनतो व जवळची लोखंडी पट्टी ओढून घेतो. पट्टीच्या टोंकाशीं असलेला जाड संपर्क दुसऱ्या जाड संपर्कास टेकतो आणि मोठ्या प्रवाहाचा रस्ता मोकळा होतो. रिळांतील प्रवाह थांबतांच स्प्रिंग पट्टीस मागें ओढते. अमेरिकेंत जोसेफ हेन्री या शास्त्रज्ञानें १८३५ सालीं दूर अंतरावरील क्षीण विजेच्या साह्यानें जवळची जोरदार वीज चालू-बंद करण्याची ही रीति दाखविली, आणि तारायंत्राचा पल्ला पुढें याच तत्त्वामुळें वाढला. बारा व्होल्टांच्या सामान्य रिलेंतील रिळाचा विरोध ८०-९० ओहम असतो. म्हणजे त्यास साधारण ०.१४ अँपिअर लागतात. चार दिव्यांचे १८.३ अँपिअर याच्या सुमारें १३० पट होतात. चावीच्या स्विचला उचलावयाचा भार एवढा कमी होतो.

बाजारांत हा रिले इंचभर लांबीरुंदीच्या काळ्या डबीच्या रूपांत मिळतो. ३० किंवा ४० अँपिअरचा, १२ व्होल्टांचा, बैठकीसह मागावा. बैठकीशिवाय घेऊन त्याच्या पायांवर तारा पिळणें म्हणजे पहिल्या चुकीस पुन्हां आमंत्रण. डबीच्या पायांशेजारीं इंग्रजी आंकडे कोरलेले असतात. ते जर्मन मानकाप्रमाणें ठरलेले असल्यामुळें बहुतेक कंपन्यांच्या रिलेंवर सारखेच आढळतात. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी जाड तार. ८७ म्हणजे दिव्यांकडे जाणारी जाड तार. ८५ आणि ८६ ह्या रिळाच्या दोन बाजू. पांच पायांच्या रिलेंत मध्यें ८७-ए असा आणखी एक पाय असतो. त्याविषयीं सावध राहावें. रिले निजलेला असतांना ३० चा संबंध ८७-ए शीं असतो. म्हणजे चावी बंद असतांना तो पाय जिवंत असतो. आपल्या कामास तो लागत नाहीं. त्याची तार बैठकींतून काढून टाकावी, नाहीं तर टोंक कापून चांगलें झांकावें. चुकून दिवे त्यास जोडले गेले तर चावी काढल्यावर दिवे लागतात व चावी लावल्यावर विझतात. आमच्या गांवीं हा चमत्कार एकदां घडला असून त्याचें खापर बिचाऱ्या बॅटरीवर फुटलें होतें.

प्रत्यक्ष कामास आरंभ करण्यापूर्वीं बॅटरीचें ऋण टोंक, म्हणजे ट्रॅक्टरच्या अंगास जोडलेलें टोंक, प्रथम सोडवावें. काम संपल्यावर तें सर्वांत शेवटीं जोडावें. याचें कारण असें कीं, धन टोंकावर पाना चालू असतां तो पत्र्यास लागला तर मोठी ठिणगी पडते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरींतून हायड्रोजन निघत असतो. ऋण टोंक आधीं सुटलेलें असलें म्हणजे पाना कोठेंहि लागला तरी बाधा नाहीं. जुन्या इंग्रजी बनावटीच्या कांहीं ट्रॅक्टरांत धन टोंक अंगास जोडलेलें असे; कोणाच्या घरीं तसा अद्याप चालू असेल तर त्यानें पुढील वर्णन त्या मानानें उलट समजावें.

बॅटरीच्या धन टोंकापासून चार चौरस मिलिमीटरची तांबडी तार घ्यावी व टोंकापासून वीतभर अंतराच्या आंतच फ्यूज बसवावा. हें अंतर मी मुद्दाम सांगतों. फ्यूज दिव्यांच्या रक्षणासाठीं आहे अशी पुष्कळांची समजूत असते. तो तारेच्या रक्षणासाठीं आहे. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा तुकडा बेवारशी असतो. तो घासून पत्र्यास टेकला तर त्यास थांबविणारें कोणी नाहीं, आणि बॅटरी अशा वेळीं शेंकडों अँपिअर सोडते. म्हणून हा तुकडा जितका आंखूड तितका बरा, व त्यावर जाड नळी चढवावी. चार दिव्यांच्या १८.३ अँपिअरांस २५ अँपिअरचा फ्यूज योग्य. इंजिन चालू असतां अल्टरनेटरचा दाब बारांवरून चौदा व्होल्टांच्या आसपास जातो व प्रवाहहि थोडा वाढतो, म्हणून २० चा घालूं नये. आणि फ्यूज वारंवार जातो म्हणून ४० चा तर मुळींच घालूं नये. सिगारेटच्या चांदीचा कागद किंवा तारेचा तुकडा फ्यूजच्या जागीं घालणारांस मला कांहींच सांगावयाचें नाहीं.

फ्यूजकडून तार रिलेच्या ३० वर न्यावी. ८७ वरून तेवढ्याच जाडीची तार दिव्यांकडे न्यावी. दिव्यांची परतीची तार, शक्य तर, निराळी ओढून बॅटरीच्या ऋण टोंकाशीं अगर इंजिनाच्या अंगावरील एका चांगल्या बोल्टाशीं जोडावी. रंगावर किंवा गंजावर आवळलेली परतीची तार ही अर्ध्या तक्रारींचें मूळ असते. बोल्टाखालचा रंग खरवडून, धातु चकचकीत करून, तारेस थिंबल दाबून बसवावी व वर ग्रीस लावावें. पत्र्याच्या भोंकांतून तार जाते तेथें रबरी कडी घालावी. ट्रॅक्टर सदैव हादरतो. उघड्या पत्र्याची धार वर्षभरांत आवरण कापते.

राहिला रिळाचा रस्ता. यास एक चौरस मिलिमीटरची तार पुष्कळ झाली. चावीच्या स्विचच्या योग्य टोंकापासून निघून, तीन अँपिअरच्या लहान फ्यूजमधून, तेथून हाताशीं बसविलेल्या लहान बटनांतून ही तार रिलेच्या ८६ वर येते. ८५ वरून दुसरी तार ट्रॅक्टरच्या अंगास जाते. म्हणजे दिवे लागण्यास चावी आणि बटन ही दोन्हीं चालू लागतात. बटन विसरलें तरी चावीबरोबर दिवे विझतात, आणि दिवसा चावी चालू असतां बटन बंद ठेवतां येतें. कांहीं रिलेंच्या आंत डायोड बसविलेला असतो; डबीवरील आकृतींत तो बाणासारखा दिसतो. त्यांत ८६ लाच धन व ८५ लाच ऋण द्यावें, उलट दिल्यास डायोड जळतो. साध्या रिलेंत उलटसुलट चालतें, तरी एकच संवय ठेवणें बरें.

स्विचचें योग्य टोंक कोणतें, हें रंगावरून ठरवूं नये. एका ट्रॅक्टरचा रंग दुसऱ्यास लागू पडत नाहीं. लहान टेस्ट लँप घ्यावा, त्याचा चिमटा पत्र्यास लावावा, व सुई एकेका टोंकास लावून पाहावी. या तपासणीपुरतें ऋण टोंक अर्थातच जोडलेलें हवें. जें चावी काढल्यावरहि जिवंत राहतें तें बॅटरीकडून आलेलें. तें आपल्या कामाचें नाहीं. जें फक्त सेल्फ मारतांना जिवंत होतें तेंहि नाहीं. चावी चालू केल्यावर जिवंत होणारें, आणि शक्य तर सेल्फ मारतांना तेवढ्यापुरतें मरणारें टोंक निवडावें. सेल्फच्या वेळीं बॅटरीचा दाब फार खालीं येतो; त्या क्षणीं दिवे सुटे राहिले तर इंजिन लवकर उठतें. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस धुराचे जे कडक नियम लागू झाले, त्यांमुळें पुष्कळ नव्या इंजिनांवर विद्युत्-नियंत्रक आले आहेत. अशा ट्रॅक्टरांत त्या नियंत्रकाच्या तारांस हात लावूं नये. उपकरणांसाठीं कंपनीनें टोंक राखून ठेवलेलें असल्यास तेंच घ्यावें. विक्रेत्यास आधीं विचारलें तर हमीचा वादहि राहत नाहीं.

रिलेची डबी पाय खालीं करून उभी बसवावी, म्हणजे धुतांना पाणी बैठकींत सांचत नाहीं. धुराड्यापासून दूर, आणि बॅटरीच्या अगदीं वर किंवा खालीं नव्हे. आम्लाची वाफ पितळेस खाते.

सर्व जोडून झाल्यावर चावी चालू करून बटन दाबावें. कानास टक् असा आवाज आला पाहिजे. आवाज आला आणि दिवे लागले नाहींत तर दोष जाड रस्त्यांत आहे. मोठा फ्यूज, ३० व ८७ चे पाय, दिव्यांची परतीची तार, या क्रमानें पाहावें. आवाजच आला नाहीं तर दोष बारीक रस्त्यांत. लहान फ्यूज, बटन, आणि बहुधा ८५ ची अंगास केलेली जोडणी. टकटक असा सारखा आवाज येऊं लागला तर रिळास पुरेसा दाब मिळत नाहीं. बॅटरी उतरलेली आहे किंवा कोठें जोड ढिला आहे. दिवे लागले म्हणून तेवढ्यावर थांबूं नये. मल्टिमीटर असेल तर दिवे जळत असतां त्याची एक सुई बॅटरीच्या धन टोंकास व दुसरी दिव्याच्या धन टोंकास लावावी. अर्ध्या व्होल्टाहून अधिक आंकडा दिसल्यास कोठें तरी जोड वाईट आहे. पावसाळ्यांत कुलूप-किल्लीस तेल घालतों त्याच दिवशीं मी हें मोजून वहींत टिपून ठेवितों. मीटर नसेल तर दहा मिनिटांनीं प्रत्येक जोडास बोट लावून पाहावें. जो हातास चटका देईल तो पुन्हां करावा.

अल्टरनेटर किती पुरवूं शकतो याचाहि विचार हवा. त्याच्या पाटीवर ३६ अँपिअर असें लिहिलेलें असलें, आणि मूळचे पुढील दोन दिवे ९.२ व जादा चार १८.३ घेत असले, तर बेरीज २७.५ होते, बॅटरी भरण्यास साडेआठ उरतात. तेहि इंजिन वेगांत असतां. मंद चालीवर अल्टरनेटर याच्या पुष्कळ कमी देतो, म्हणून ट्रॅक्टर बांधावर उभा करून मंद चालीवर सर्व दिवे तासन्‌तास जाळणें म्हणजे बॅटरीच्या भांडवलांतून खाणें. आतां निघालेले अठरा वॅटांचे एलईडी दिवे घेतले तर चार मिळून सहा अँपिअरच लागतात. ज्यांस दिवे नव्यानें घ्यावयाचे आहेत त्यांनीं हेच घ्यावे. मात्र रिले व फ्यूज त्यांनाहि सोडूं नयेत, फक्त फ्यूज दहाचा घालावा.

येथें ट्रॅक्टरची एक खोड सांगितली पाहिजे, जी मोटारीच्या माहितगाराच्या ध्यानांत येत नाहीं. मोटारींत चावी फिरविली कीं इंजिन थांबतें. आपल्या पुष्कळ डिझेल ट्रॅक्टरांत इंजिन चावीनें थांबत नसून दांडी ओढून डिझेल तोडल्यानें थांबतें. गडी दांडी ओढतो, इंजिन थांबतें, काम झालें असें समजून तो घरीं जातो. चावी तशीच चालू राहते. मग चावीच्या ताब्यांतील रिले काय करणार? बटन चालू असलें तर दिवे जळत राहतात. ७५ अँपिअर-तासांच्या बॅटरींतून १८ अँपिअर काढले तर ती हिशेबानें चार तासांत, व प्रत्यक्षांत त्याहूनहि लवकर, सकाळीं सेल्फ फिरविण्याच्या लायकीची राहत नाहीं. मीं चावीस लांब दोरी बांधून तिचें दुसरें टोंक घराच्या किल्लीस बांधलें आहे. किल्लीशिवाय घर उघडत नाहीं, म्हणून चावी काढल्याशिवाय गड्यास ट्रॅक्टरवरून उतरतां येत नाहीं. उपाय गांवठी आहे, पण तीन वर्षांत बॅटरी एकदांहि उतरली नाहीं.

मागील पांढरे दिवे शेतांतील कामासाठीं आहेत. सडकेवर लागतांच ते बटनानें बंद करावे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें वाहनाच्या मागें लाल उजेड दिसावा लागतो, आणि मागून येणाऱ्याचे डोळे पांढऱ्या झोतानें दिपले तर ट्रॉली त्यास दिसावयाची नाहीं. ऊस वाहणारांनीं तर याच युक्तीचा आणखी एक उपयोग करून घ्यावा. दोन ट्रॉल्यांचे ब्रेकचे दिवे, प्रत्येकीं दोन, २१ वॅटांचे, मिळून ८४ वॅट, म्हणजे सात अँपिअर होतात. ट्रॅक्टरच्या मूळ बारीक तारेवर व ब्रेकखालच्या लहान स्विचवर हा भार पडला म्हणजे कांहीं दिवसांत तो स्विच जातो, आणि गेला हें हांकणाऱ्यास कळत नाहीं. त्याऐवजीं दुसरा एक रिले घ्यावा. त्याच्या ८६ वर चावीची तार न आणतां ट्रॅक्टरच्या ब्रेक-दिव्याची मूळ तार आणावी, ३० वर फ्यूजमधून बॅटरी, आणि ८७ वरून ट्रॉलीच्या प्लगकडे जाड तार. हंगामांत प्लगचीं टोंकें ऊसाच्या पाचटानें व चिखलानें भरतात. तीं दर खेपेस फडक्यानें पुसून, एका माणसास मागें उभें करून, ब्रेक दाबून दोन्हीं ट्रॉल्यांचे चारी दिवे लागतात हें पाहिल्यावरच गाडी फडाबाहेर काढावी. माझा पुतण्या हें काम डाव्या हातानें करतो. उजव्या तळहातास अद्याप तार सोसत नाहीं.